वाढत्या अंगाची सॅक

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची घ्यायची पद्धत नव्हती. वाढत्या अंगाचं घ्यायचं. शाळेचा गणवेश आणला की बाह्या दोनदा दुमडायच्या, स्कर्टला आतून चार बोटं पट्टी मारून ठेवायची आणि दरवर्षी थोडी थोडी उसवायची. बुटात कापूस कोंबायचा. माझ्या आईनं माझं असंच केलं आणि मी माझ्या लेकीचं. यात शहाणपण आहे असं मला वाटायचं, आणि कुणी नाही म्हटलं तर मी भांडायलाही कमी करायची नाही.

लेक दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिनं कराडचा हट्ट धरला. कॉलेज मलकापूरच्या बाजूला, आणि पुढच्या प्रवेश परीक्षेचा क्लास त्याच इमारतीत. आम्ही राहतो पाटणला, स्टँडपासून चालत पंधरा मिनिटांवर. पाटणात कॉलेज असताना रोज तासभर एसटीचे धक्के खात कशाला जायचं, असं माझं म्हणणं. नवरा फौजेत, लांब सीमेवर, फोनवर त्याचा एकच निकाल, "तुमी दोघी ठरवा." सासरे नातीच्या बाजूनं. तेही फौजेतूनच सुभेदार होऊन निवृत्त झालेले, त्यामुळे घरापासून लांब जाण्याचं त्यांना काही वाटत नाही. शेवटी मी तयार झाले, पण अट घातली. प्रवासाचं रडगाणं एकदा जरी माझ्या कानावर आलं, तर दुसऱ्या दिवशी पाटणच्या कॉलेजात नाव घालणार. तिनं मान डोलावली. मी एकदा बोलले की बोलले, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मग कराडच्या बाजारात सॅक घ्यायला गेलो. तिनं एक मध्यम आकाराची निळी सॅक हातात धरून ठेवली होती. मी दुकानदाराला वरच्या खुंटीवरची सगळ्यात मोठी काढायला लावली. वस्तू घेताना मी पारखून घेते. सगळ्या चेन दहा-दहा वेळा उघडून लावल्या, शिलाई नखानं ओढून पाहिली, तळाला दुहेरी कापड आहे ना ते चाचपलं. पट्ट्यांना धरून मी लोंबकळायची तेवढी राहिले. लेकीच्या पाठीवर मात्र ती सॅक एकदाच लावली, तीही रिकामी. तिचा तळ पार कमरेच्या खाली आला.

"ताई, हिला मोठी हुती की ओ ही," दुकानदार म्हणाला.

"पोरगी वाढंल की," मी म्हणाले.

"आता आणि कवा?" त्यानं विचारलं. लेक सोळा वर्षांची होती, आणि आमच्या दोन्ही घरांत उंच म्हणावं असं कुणी नाही. मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं आणि मोठीच बांधून घेतली. निळी सॅक तिनं हळूच फळीवर परत ठेवली, ते मला दिसलं होतं.

पुढचे चार महिने घरात प्रवासाचा शब्द निघाला नाही. सकाळी सहाला ती जायची, संध्याकाळी यायची, सॅक दाराआड ठेवायची आणि भिंतीला पाठ लावून बसायची. बराच वेळ तशीच बसायची. अभ्यासाला टेबलाशी न बसता गादीवर पालथी पडून वाचायची. दोनदा माझ्याकडून डोकेदुखीचा बाम मागून घेतला आणि आतल्या खोलीत गेली. कसं चाललंय म्हटलं की "मस्त" म्हणायची. मी शेजारणींना सांगत होते, बघा, उगीच काळजी करत होते, पोरीनं कधी हूं की चूं केलं नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकदा विषय काढला. "सूनबाई, पोरगी पुढं वाकून चालती. सॅकचं वजन लय खाली लोंबतंय."

"आवं आबा, मोबाईल बघत चालती ती," मी म्हणाले.

मी अंगणवाडी सेविका आहे. दिवाळीनंतर आमची एक बैठक कराडला लागली, म्हणून त्या दिवशी मी लेकीबरोबरच सकाळच्या गाडीला निघाले. आमच्या स्टँडवर जागा गाडीत चढून मिळत नाही, ती बाहेरूनच धरावी लागते. गाडी फलाटाला वळली की उघड्या खिडकीतून सीटवर आपली वस्तू टाकायची. ज्याची वस्तू, त्याची सीट. पूर्वी रुमालावर भागायचं, पण रुमाल उचलून खिशात घालणारे निघाले, तेव्हापासून सॅकच लागते. गाडी आली आणि पोरींच्या सॅका धडाधड आत गेल्या. माझी लेक मात्र सॅक पाठीवर घेऊन दाराच्या गर्दीत उभी राहिली.

"अगं टाक की," मी म्हणाले.

"राहू दे आई."

तिची एक मैत्रीण आत जागा धरून खिडकीशी आली होती. ती म्हणाली, "काकी, हिची सॅक खिडकीतनं जात न्हाई. मधल्या दांड्याला अडकती. ही रोज उभीच असती." माझ्या लेकीनं तिच्याकडं असं पाहिलं की ती पोरगी खिडकीतून मागं सरली.

तो तासाभराचा प्रवास मी तिच्या शेजारी उभी राहून केला. खाली पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून सॅक पाठीवरच. वळणावर सॅक एकीकडं जायची आणि तिच्यामागून ती. कंडक्टर प्रत्येक फेरीला "सॅक पुढं घ्या" म्हणून तिला ढकलून जात होता. एकदा ती जरा पुढं घ्यायला लागली तेव्हा मी खालून हात दिला, आणि हात खाली गेला. मी रोज पाण्याच्या घागरी उचलणारी बाई. तरी हात खाली गेला.

बैठकीत त्या दिवशी काय सांगितलं ते मला आजही आठवत नाही.

संध्याकाळी ती घरी आली तशी मी तिला सॅकसकट अंगणवाडीत घेऊन गेले. किल्ली माझ्याकडंच असते. आबाही काठी घेऊन मागून आले. तिथं आमचा टांगायचा काटा आहे, त्याच्या झोळीत मी दर महिन्याला गावातल्या लेकरांची वजनं घेते. वजन घटलं की आईला समोर बसवून खडसावते, लेकरू सुकत चाललं तरी तुला कळलं कसं न्हाई, म्हणून. झोळी काढून मी आकड्याला सॅक अडकवली. साडेनऊ किलो. दुसऱ्या काट्यावर लेक उभी राहिली, ती एकेचाळीस. सॅक उघडली तर सगळ्या विषयांची पुस्तकं, क्लासच्या तीन जाड वह्या, प्रॅक्टिकलचं जर्नल, ऍप्रन, डबा, दोन बाटल्या, छत्री. जागा होती म्हणून सगळं येत गेलं होतं.

"पाठ दुखती?" मी विचारलं.

ती सामान परत सॅकमध्ये भरायला लागली. मग एकदम म्हणाली, "आई, मी पाटणला न्हाई जाणार. मला जमतंय. खरंच जमतंय." आणि रडायला लागली.

चार महिने ती दुखणं लपवत होती ते माझ्या अटीपायी. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिला म्हटलं की अट मोडली, मीच मोडली, कराड सुटणार नाही. तिनं डोळे पुसत "बरं" म्हटलं, पण तिचा विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं.

आबा तोवर खाली बसून पट्टे खेचून बघत होते. "फौजेत पिट्टू असतो बघ, पाठीवरचा," ते म्हणाले. "ह्याच्यापेक्षा जड. पर तो पाठीला चिकटून बसतो. जड सामान पाठीच्या बाजूला, हलकं बाहेर. आणि बूट असू दे, न्हाईतर पिट्टू, वाढत्या अंगाचं आमाला कवाच दिलं न्हाई. मापाचंच." हे ते मला म्हणत होते, मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. हाडाला काही नाही, स्नायू आखडलेत, ओझं कमी करा आणि सॅक बदला, असं ते म्हणाले. मग मी ब्लाऊजचं माप घ्यायची टेप काढली आणि तिच्या पाठीचं माप घेतलं, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत. तळ कमरेवरच थांबला पाहिजे, हे पहिलं माप. दुसरं माप घ्यायला मी स्टँडवर गेले. उभ्या गाडीच्या खिडकीला टेप लावून दांडा आणि चौकट यांच्यातलं अंतर मोजत होते, तेवढ्यात कंडक्टर आला.

"मावशी, पडदं शिवताय काय?"

"तुमच्या गाडीला पडदं शिवून ती काय नवरी होणार हाय?" मी म्हटलं, आणि माप लिहून घेतलं.

त्याच दुकानात त्याच माणसासमोर पुन्हा उभं राहणं मला जड गेलं. पण त्यानं नुसत्या मध्यम मापाच्या सॅका समोर मांडल्या. या वेळी मी चेनला हातही लावला नाही. लेक एकेक सॅक लावून बघत होती, मी घरून आणलेली पुस्तकं नि वह्या सॅकमध्ये भरायला लावत होते आणि तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणत होते. पट्टे रुंद, आत फोम, छातीवर एक आडवा पट्टा, पाठीकडं पुस्तकांचा वेगळा कप्पा. मागच्या वेळची निळी आता नव्हती. तिनं करडी निवडली. मी मापं लावून पाहिली आणि मान हलवली. पुस्तकांचंही ठरलं: ज्या दिवशी जो विषय, तेवढंच न्यायचं, आणि पाण्याची बाटली एकच. मोठी सॅक आता माझ्याकडं असते, अंगणवाडीतली जुनी रजिस्टरं आणि खेळणी ठेवायला ती चांगली आहे.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम स्टँडवर गेले. गाडी वळली, लेकीनं सॅक दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीतून सोडली. ती अलगद आत गेली. लेक खिडकीशी बसून मला जा म्हणून हात करत राहिली, आईला तिथं उभी पाहून मैत्रिणी हसत होत्या.

तरीही घरात तिचं "मस्त"च चालू होतं. मी पुन्हा पुन्हा विचारायची आणि ती पुन्हा पुन्हा तेच सांगायची. अट मोडली हे सांगायला मला एक वाक्य पुरलं होतं, पण तिला ते खरं वाटायला किती दिवस लागतील याचा अंदाज नव्हता.

एक दिवस संध्याकाळी मी भाकरी थापत होते. ती आली, सॅक टाकली, चुलीपाशी येऊन बसली. क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, आज येताना गाडीत लय गर्दी हुती. उभी राहून पाय मोडलं. त्या कंडक्टरला काय बोलायची रीत न्हाई. आणि गाडीपण अर्धा तास उशिरा आली."

मी तवा उतरवून ठेवला आणि पिठाच्या हातानं तिच्याजवळ बसले.

"आणि?" मी म्हटलं.

मग ती बराच वेळ सांगत राहिली.