नवऱ्याच्या नावाचं अक्षर

सन ऐंशीनंतरची गोष्ट. तिगावजवळच्या बगीच्यात आम्ही बाया संत्री निवडायचो आणि अक्षरांचा खेळ खेळायचो. दिलेल्या अक्षरावरून पुरुषाचं नाव सांगायचं, एकदा आलेलं चालत नसे. जी अडेल तिनं विहिरीवरून घागर आणायची.

माझ्या नवऱ्याच्या अक्षराची बाकी सगळी नावं संपली की मोठी जाऊ मला तेच अक्षर द्यायची. “काय वं, अटकली का?” चार दिवस मीच घागर आणली. पाचव्या दिवशी नवऱ्याचं नाव घेतलं.

सासू ओरडली, “अवं, नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होते!”

“होऊ द्या. या उन्हात मी घागर आणून नाही राहिली.”

मग तिच्या नवऱ्याच्या अक्षराचीही बाकी नावं संपल्यावर मी जावेला तेच अक्षर दिलं. ती घागर घेऊन उठली.

माझा नवरा त्यानंतर वीस वर्षं जगला.