सिस्टरचे बूट

सख्खा भाऊ तिला ताई म्हणायचा आणि ओळखीचं बाकी सगळं जग सिस्टर. नावाने हाक मारणारी एक आईच होती. ती गेल्याला वर्ष उलटलं. तेव्हापासून स्वतःचं नाव तिच्या कानावर पडायचं ते फक्त बँकेत.

सिस्टरचं काम घरोघरी जाऊन जखमा बांधायचं. मोठ्या दवाखान्यातून घरी सोडलेले पेशंट तिच्याकडे यायचे, आणि त्यातले निम्मेअधिक पायांचे. कुणाचा अंगठा साखरेने चिघळलेला, कुणाची टाच अंथरुणात पडून सोललेली. जमिनीवर उकिडवं बसायचं, पाय गुडघ्यावर घ्यायचा, जुनी पट्टी ओली करून अलगद सोडवायची आणि कडेकडेने बोट दाबत विचारायचं, "इथे लागतंय का? आणि इथे?" आई चेष्टा करायची, "तू झोपेतसुद्धा लोकांचे पाय दाबतेस."

फिरायला मोटारसायकल होती. शहराच्या कडेच्या वस्त्यांमधल्या खड्ड्यांत स्कूटरची लहान चाकं गचके खायची, म्हणून तिने एका कंपाउंडरची जुनी मोटारसायकल विकत घेतली. पायात मात्र कापडी बूट. हेल्मेट न घालणाऱ्यांना ती फैलावर घ्यायची, पण स्वतःच्या घोट्याचा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता.

एका दुपारी गॅरेजसमोरच्या वळणावर सांडलेल्या ऑइलवरून चाक सरकलं. वेग असा नव्हताच. गाडी हळूच डाव्या अंगावर कलंडली आणि डावा पाय तिच्याखाली सापडला. चार माणसं धावत आली. त्यांनी गाडी उचलली, एकाने हँडल हलवून पाहिलं, दुसऱ्याने आरसा सरळ केला. "काही झालेलं नाही ताई, गाडी ठणठणीत आहे," असं सांगून सगळे आपापल्या वाटेने गेले. पायाचं कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दुखतंय का हे विचारणारी आजवर तीच होती. उत्तर द्यायची सवय नव्हती.

एकाच गिअरमध्ये रडतखडत तिने गाडी घरी आणली आणि तीन मजले पायरीपायरीवर बसत, पाठमोरी चढली. सुजेमुळे बूट निघेना. शेवटी पट्ट्या कापायच्या कात्रीने तिने तो उभा चिरला आणि घोट्याकडे असं पाहिलं, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा होता.

एक्स-रे काढणाऱ्याने विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"मीच आलेय."

"तसं नाही, तुम्हाला घेऊन कोण आलंय?"

"मीच मला घेऊन आलेय," ती म्हणाली. तो हसला, म्हणून तीही हसली.

घोट्याचं हाड मोडलं होतं. भावाचा दुसऱ्या शहरातून फोन आला. "ताई, ती गाडी आधी विकून टाक. मी येऊन राहिलो असतो गं, पण इकडे पोरांच्या परीक्षा..."

"कशाला रे? मी बरी आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

हे त्याला इतक्या चटकन पटावं, याचं तिला जरा वाईट वाटलं. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती पडून राहायची. भिंतीपलीकडच्या टीव्हीवरचं सगळं ऐकू यायचं, तेवढाच बोलण्याचा आवाज. पेशंटांचे फोन यायचे, पण सगळ्यांचा प्रश्न एकच: "सिस्टर, कधीपासून येताय?" आपण रोज किती घरांत शिरतो आणि आपल्या घरात मात्र कुणीच शिरत नाही, हे तिला त्या दिवसांत कळलं.

प्लास्टर निघालं. गाडी विकायची नाही, हे तिने पडल्या पडल्याच ठरवलं होतं. बूट मात्र घ्यायचे.

दुकान हेल्मेट आणि रेनकोटांनी छतापर्यंत भरलेलं होतं. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. तिला पाहताच त्याने उंच टाचेचे, बक्कल लावलेले बूट काढले. "खास लेडीज."

तिने बुटाचा घोटा अंगठ्याने दाबला. सुजलेल्या पायात बोट रुतावं तसा तो आत गेला.

"यात घोट्याला काय आहे?"

"रुबाब आहे," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा."

तो मनापासून हसला आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन समोर बसला. मग त्याने विचारायला सुरुवात केली. दिवसभरात चालणं किती, जिने किती, पावसात निघावं लागतं का, मोडला तो पाय कोणता, मोजे जाड की पातळ. स्वतःविषयी इतकं तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. ती गरजेपेक्षा सविस्तर उत्तरं देत राहिली.

"संध्याकाळी आलात ते बरं केलंत," तो म्हणाला. "पाय दिवसभरात फुगतात. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो." पाय फुगतात हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण आपलेही फुगतात, हे तिने कधी धरलंच नव्हतं.

शर्यतीचे बूट निघाले. बाहेरून सगळं टणक कवच. "यात पडलात तर पायाला ओरखडा नाही."

ती उठून चार पावलं चालली. पाय लाकडाचे झाल्यासारखे. "आणि जिना चढताना पडले तर?" किंमत ऐकली तेव्हा तर नाकापेक्षा मोती जड असंच झालं.

स्वस्तातला एक जोड दिसायला भक्कम होता. त्याने स्वतःच तो दोन्ही हातांत धरून फडक्यासारखा पिळून दाखवला. "गाडी अंगावर आली की आतलं पाऊल असंच पिळणार. शिवाय तळ नुसता चिकटवलेला. दोन पावसाळ्यांत पुन्हा माझ्याकडे याल. माझं काय, मला बरंच आहे."

मग त्याने माळ्यावरून एक काळा जोड उतरवला. पुरुषांच्या मापातला सगळ्यात लहान. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाट्या, बोटांवर टणक टोपी, लेसऐवजी आतल्या अंगाला चेन, म्हणजे गिअरमध्ये काही अडकायला नको. तळ शिवलेला, झिजला तर बदलता येणारा. किंमत मधली.

तिने ते चढवले आणि दुकानाच्या मध्यावर उकिडवं बसून पाहिलं.

"गाडीवर बसल्यासारखं करून बघणारे पुष्कळ पाहिलेत," दुकानदार म्हणाला. "असं बसून बघणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"माझा अर्धा दिवस असाच जातो."

बूट पुढून नीट वाकत होता. ती पुन्हा खुर्चीवर बसली तसा दुकानदार गुडघ्यांवर टेकला, चेन वर ओढली आणि बुटावरून अंगठ्याने दाबत विचारलं, "इथे लागतंय का? आणि इथे?"

ती त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्याने मान वर केली. "ताई, लागतंय का?"

"हो," ती म्हणाली. "लागतंय थोडं."

त्याने आत एक मऊ पातळ तळवा सरकवला आणि पुन्हा दाबून पाहिलं. आता कुठेच लागत नव्हतं. तरी ती उठली नाही. "दुसऱ्या पायाचंही बघा ना," ती म्हणाली. त्याने बघितलं, अगदी सावकाश.

नवे बूट पायात रुळावेत म्हणून ती घरात घालून फिरायची. पहिल्या संध्याकाळी टाचांचा आवाज ऐकून तीच दचकली. घरात आणखी कुणी वावरतंय असं वाटलं. मग स्वयंपाक होईपर्यंत तिने ते काढले नाहीत. भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "पोलिसात भरती झालीस की काय?"

पुढे थंडीच्या दिवसांत एका उतारावर बारीक खडीवरून गाडी पुन्हा घसरली. पुन्हा डाव्याच अंगावर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिन बंद करून तिने पाय खालून ओढून काढला, बुटात बोटं हलवली, घोटा गोल फिरवला. सगळं जागच्या जागी. बुटाच्या कातड्यावर लांब पांढरा चरा उठला होता, एवढंच. गाडीला पाठ लावून, दोन्ही टाचा रोवून तिने ती एकटीने उभी केली.

आनंद मावत नव्हता. तिने भावाला फोन लावला. "ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो," तो कुजबुजला. त्या दिवशी त्याचा फोन आला नाही.

पुढचं घर एका म्हातारीचं होतं. ऐकायला कमी, पायाला जुनी जखम, दिवसभर घरात एकटी. सिस्टरने पिशवी उघडली आणि सामान मांडता मांडता म्हणाली, "आजी, आज पडले मी."

"काय?"

"पडले! गाडीवरून!"

"कोण पडलं?"

"मी! पण काही झालं नाही. बूट होते."

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "अगं मग बस की आधी. माझी जखम काय पळून चाललीय?"

सिस्टर स्टुलावर बसली. पाठ भिंतीला टेकवून तिने पाय लांब केले. मग तिने हातमोजे चढवले, खाली उकिडवी बसली आणि पट्टी ओली करायला घेतली.