कशानं गेलं?

“आमी मेलेल्याचं कातडं कमावतो, मारलेल्याचं नाय,” असं भगीरथ एकदा म्हणाला होता. मुंबईत त्याच्या पिशव्या विकणाऱ्या नेहाने ते वाक्य जसंच्या तसं पिशवीच्या चिठ्ठीवर छापलं. पिशव्या त्या वाक्यावरच खपू लागल्या.

आटगावच्या मागे त्याची शेड आहे. चुन्याचं कुंड, हिरड्याची पोती, बाभळीची साल, आणि आढ्याला टांगलेली, पिशवीसारखी शिवून सालीच्या काढ्याने भरलेली कातडी. उरलेला चोथा शेजारपाजारचे लोक शेतात टाकायला नेतात. जनावर मेल्याचा निरोप आला की भगीरथ त्या घरी जाई, ओट्यावर बसे आणि विचारी, “कशानं गेलं?” माणसाबद्दल विचारावं तसं. मग घरातले बोलत, कुणी रडे. कातडं त्यानंतर.

पुतण्या संदेशला हे उगाच वेळ घालवणं वाटे. काम त्याला भगीरथनेच शिकवलं होतं. मागणी वाढत होती. “गुरं काय ऑर्डर बघून मरतात, काका?” तो एकदा म्हणाला. भगीरथही हसला होता.

भगीरथ लग्नाला गेला असताना संदेशने म्हशीचं एक कातडं आणून चुन्यात टाकलं. डोळखांबच्या सकुबाईची म्हैस, सापानं गेली, असं सांगितलं. विचारायला आपण नव्हतो, हे भगीरथला लागून राहिलं. त्याला सवड मिळेपर्यंत कातडं आढ्याला टांगलंही गेलं. शेवटी संदेशला सांगून तो डोळखांबला गेला, ओट्यावर बसला आणि मान खाली घालून त्याने विचारलं.

“कोन गेली? माजी म्हस?” सकुबाई म्हणाली. “ती बघ, रवंथ करते. तुज्या जिभेला हाड नाय का रे?”

मग तिने त्याच म्हशीच्या दुधाचा चहा दिला. त्याने तो तसाच ओट्यावर ठेवला. म्हणजे शेडमधलं कातडं मारलेल्या जनावराचं होतं, खाटकाकडून आणलेलं. आणि त्याआधी त्याच्या माघारी आलेली अशी किती, हे आता कुणाला विचारायचं?

तो परतला तेव्हा शेडमध्ये नेहा आली होती. टांगलेल्या कातड्याकडे पाहून, भगीरथकडूनच उचललेला प्रश्न तिने हलक्या आवाजात विचारला. उत्तर संदेशने दिलं. सकुबाईची म्हैस, सापानं गेली.

“काका आत्ताच तिला भेटून आला. सांग ना, काका.”

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काका सांभाळून घेईल, अशी खात्री होती. भगीरथने ती खात्री पाहिली. नेहा वाट पाहत होती. मग त्याने तिच्या हातातल्या पिशवीची चिठ्ठी तोडून मुठीत घेतली आणि तो बाहेर पडला.