पांढऱ्या घोड्याचं काय झालं?

जुनी कॉमिक्स जमवणाऱ्याच्या घरात पुस्तकांपेक्षा धूळ जास्त साठते, आणि धुळीपेक्षा किस्से जास्त. धूळ निदान झटकता तरी येते. लोक म्हणतात, मी किस्से वाढवून सांगतो. म्हणोत बापडे. वाढवलेलं तेवढं सोडून द्या, उरलेलं सगळं खरं आहे.

आमचा कंपू तिघांचा. निपाणीच्या वखारीत तंबाखूची प्रतवारी करणारा दौलूअण्णा, बेळगावच्या वडगावात माग चालवणारा विठूआप्पा, आणि हायस्कुलातला कारकून मी. तिघंही पोराबाळांचे बाप, आणि तिघांनाही वेड एका घोडेस्वार टपालवाल्याच्या चित्रमालिकेचं. टपाल पोचवता पोचवता हा गडी दरोडेखोर पकडायचा. टपाल वेळेवर पोचायचं का, हे मालिकेत कुठंच आलेलं नाही.

*

अण्णा पान नाकाला लावून तंबाखूची प्रत सांगायचा. तीच विद्या त्यानं पुस्तकांवर चालवली. पुस्तक उघडायचं, मध्ये नाक खुपसायचं आणि सांगायचं, "दुरंगी काळातलं हाय. पिना गंजल्यात. चार पावसाळं पत्र्याखाली काढल्यात."

आप्पाला हे थोतांड वाटायचं. त्यानं एक कोरा अंक घेतला, चुलीवर धुरात धरला, चहाचं पाणी शिंपडून वाळवला आणि अण्णाचे डोळे बांधून हातात दिला.

अण्णानं वास घेतला. म्हणाला, "पुस्तक यंदाचं. धूर कालचा. आणि आप्पा, काल तुमच्यात सुकटीचं कालवण हुतं."

*

आमच्यात काळांवरून भांडणं व्हायची. पहिला काळ दुरंगी छपाईचा. लाल आणि काळा ठसा एकमेकांवर नीट बसायचा नाही. टपालवाल्याचे ओठ एकीकडे, ओठांचा लाल रंग दुसरीकडे. ज्या अंकात तो रंग पार कानापर्यंत गेलाय, तो अण्णाच्या लेखी सगळ्यात भारी. नंतर चौरंगी काळ आला, कागद गुळगुळीत झाला, आणि अण्णाच्या मते मालिका बिघडली.

पण खरं भांडण घोड्याचं. सव्विसाव्या अंकापर्यंत टपालवाल्याचा घोडा पांढरा. अठ्ठाविसाव्यात तांबडा. मधला सत्ताविसावा अंक आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता. निपाणी, बेळगाव, कोल्हापूर, सगळी रद्दीची दुकानं पालथी घातली. अण्णाला जेवण गोड लागेना. पांढऱ्या घोड्याचं काय झालं?

आप्पानं विणकराचं डोकं चालवलं. "पांढरा करायला ब्लीचिंगचा खर्च येतोय. मालकाला परवडलं नसंल."

"आप्पा, कागद मुळातच पांढरा आसतोय रं," अण्णा म्हणाला.

आप्पानं अंकाचं पान बोटांत चोळून बघितलं. मग म्हणाला, "पांढरा करून आणलेला आसतोय तो."

*

पुस्तकांना कसर लागू नये म्हणून अण्णा पानापानात तंबाखूचं पान ठेवायचा. त्याचा अंक वाचायला नेला की आमच्या घरात मी वाचायचो आणि बायको शिंकायची.

एका पावसाळ्यात त्यानं ट्रंक उघडली तर निम्म्या पुस्तकांची चाळण. नीट बघितल्यावर कळलं, की जिथं एक नंबरचं पान ठेवलं होतं तेवढीच पुस्तकं कसरीनं खाल्ली होती. तीन नंबरवाल्यांना तोंडही लावलं नव्हतं.

मला वाटलं अण्णा आता रडणार. तो म्हणाला, "बघ. किड्याला बी प्रत कळतीया. आमच्या मालकाला सांगून दमलो."

*

एकदा कोल्हापूरच्या बाजारातून तंबाखूच्या रिकाम्या पोत्यात अंक भरून एका ट्रकमधून परत येत होतो. कोगनोळीच्या नाक्यावर शिपायानं पोत्याचा वास घेतला आणि ट्रक बाजूला घेतला. पोतं उघडलं. आत घोडा.

शिपाई कानडी, मराठी वाचता येईना. त्यानं अण्णाला चित्रातली गोष्ट कानडीत सांगायला लावली. अण्णानं पहिल्या अंकापासून सुरुवात केली. जरा थांबला की शिपाई विचारायचा, "मुंदेनातु?" पुढं काय झालं? मागं ट्रकांची रांग लागली. ती कागलपर्यंत गेली असं मी म्हणतो, आप्पा म्हणतो अर्ध्या रस्त्यापर्यंत. आप्पा त्या दिवशी आमच्यात नव्हता. साहेब ओरडत आला, आणि पाच मिनिटांनी तोही स्टूल ओढून बसला.

सव्विसावा अंक संपला. पुढचा नाही म्हटल्यावर साहेबाचं तोंड उतरलं. त्यानंतर आमची गाडी त्या नाक्यावर कधी तपासली गेली नाही. शिपाई नुसता काचेवर टकटक करून विचारायचा, "सत्तावीस सिक्ता?" सापडला का? आम्ही नाही म्हणून मान हलवली की फाटक उघडायचा, तेही नाराजीनंच.

*

मग आप्पानं एका साडीच्या पदरावर घोडे विणले. निम्मे पांढरे, निम्मे तांबडे, आणि मधे वीतभर मोकळी जागा.

व्यापाऱ्यानं विचारलं, "हे काय?"

"मधला अंक मिळंना झालाय," आप्पा म्हणाला.

*

आणि सत्तावीस सापडला तो भिंतीवर.

अण्णा तंबाखूचं पीक बघायला एका खेड्यात गेला होता. तिथं एका घरात लक्षुमीआक्का विड्या वळत बसलेली. साठीची बाई, शाळेचं तोंड न बघितलेली. माती पडू नये म्हणून तिनं भिंतीला एक अख्खं पुस्तक सोडवून पान न् पान खळीनं चिकटवलं होतं. तोच अंक! पण प्रत्येक पानाची एकच बाजू दिसायची. पहिल्या पानांत घोडा पांढरा, शेवटी तांबडा. जे काय घडलं ते मातीकडच्या बाजूला.

अण्णानं कपाळाला हात लावला. आक्का म्हणाली, "त्यात काय एवढं? घोडी हाय ती. दिवस गेल्यात तिला. बाळंतपणाला माहेरी गेलीया. हा तांबडा तिचा भाऊ, तंवर कामाला आलाय."

पंधरा वर्षं विड्या वळताना ती भिंतीकडंच बघत होती. घोडीचं माहेर कुठलं, पोर कसं झालं, सगळं तिला ठाऊक होतं. अण्णा संध्याकाळपर्यंत ऐकत बसला.

पुढं टीव्ही आला, मालिका बंद पडली. आणि एके दिवशी आप्पाला बेळगावात रद्दीत सत्तावीस मिळाला, कव्हरासकट. अण्णानं मागापाशी उभ्यानंच वाचला. आप्पानं माग थांबवला. ओढ्याच्या उतारावर दरोडेखोर गोळी घालतात आणि पांढरा घोडा टपालवाल्याच्या मांडीवर डोळे मिटतो. एका पानात खेळ खलास.

अण्णानं पुस्तक मिटलं आणि मला म्हणाला, "चल, आक्काकडं जाऊन येऊ."

आक्कानं चष्मा लावला. एकेक पान सावकाश बघत त्या पानावर आली, थांबली. मग म्हणाली, "दौलू, छापणाऱ्याचं चुकलंय रं हितं."

"कुठं, आक्का?"

तिनं घोडीच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "डोळं मिटून कोण माहेरी जातंय व्हय? उघडा पायजे हा."

अण्णानं हात धोतराला पुसले. खिशातली पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि पुस्तक गुडघ्यावर घेतलं.

"किती उघडा, आक्का?"