मतमाउलीची टाच

तेरच्या कुंभारगल्लीत शंभुलिंगअप्पांना निवांत बसलेलं पाहिलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. जेवतानासुद्धा त्यांचं अर्धं लक्ष अंगणात असतं, असं त्यांची बायको रुद्रम्मा सांगते, आणि ती काही वाढवून सांगणारी बाई नाही. चाकापाशी गेले की त्यांना गणपतीची सोंड आठवते, सोंडेला हात लावला की भट्टीतली राख आठवते, आणि राख काढता काढता चहा. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं की तेवढा वेळ काय तो माणूस जागेवर असतो. पूजा आटोपली की पुन्हा पायाला भिंगरी.

यंदा मात्र या चुळबुळीला कारण होतं. थोरली लेक श्रीदेवी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला दिलेली उमरग्याच्या पलीकडं, आळंदच्या बाजूला. घर चांगलं, नवरा शिवकुमार तर देवमाणूस. पण पहिलं पोर पोटातच गेलं आणि दुसरं पुऱ्या दिवसांचं झालं ते रडलंच नाही. सासरच्यांनी कुणा जाणत्याला विचारलं. त्यानं डोळे मिटून सांगितलं की हा नागाचा दोष, घराण्यात कुणीतरी नाग मारलाय, तोच लेकरं नेतोय. आता या मुलखात ज्याच्या घराण्यात कुणी साप मारला नाही असं घर कुठून आणायचं? पण सांगणारा सांगून गेला आणि दोष श्रीदेवीच्या कपाळी बसला. तेव्हापासून अप्पांच्या घरात नागाचं नाव कुणी घेत नसे, 'लांबडं' म्हणत. श्रीदेवीनं त्यावर कधी वाद घातला नाही. दिसेल त्या वारुळापुढं ती हात जोडायची आणि गेलेल्या लेकरांबद्दल अक्षरही काढायची नाही.

नेमक्या अशा घरात कस्तुराबाई काम घेऊन आल्या.

ढोकीच्या रस्त्याला ख्रिस्ती लोकांची एक लहानशी वस्ती आहे. तिथं महिन्यातून एकदा फादर येतात, बाकीचे रविवार कस्तुराबाईच प्रार्थना घेतात. वस्तीनं दगड रचून छोटी गुहा बांधली होती आणि तिच्यात त्यांना मतमाउली, म्हणजे येशूची आई मरिया, बसवायची होती. आधी मातीची मूर्ती, तिच्यावरून साचा आणि साच्यात सिमेंट. कस्तुराबाईंनी गळ्यातलं पदक काढून दाखवलं. त्यावर हात खाली पसरून उभी असलेली एक बाई होती, तिच्या बोटांतून किरणं निघाली होती आणि पायाशी काहीतरी वळवळीत होतं. अप्पांचा चष्मा आत राहिला होता. त्यांना वाटलं, वेल असेल. आठ सप्टेंबरला मतमाउलीचा जन्मदिन, त्याच्या आत देतो, असा शब्द त्यांनी देऊन टाकला. कस्तुराबाई गेल्यावर श्रीदेवीनं मोबाइलवर काढून ठेवलेला पदकाचा फोटो मोठा करून पाहिला.

"अप्पा," ती म्हणाली, "ही वेल न्हाय."

अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पण दिलेला शब्द त्यांनी आजवर मागं घेतला नव्हता, आणि बायकोपुढं चष्म्याची चूक तर त्यांना मुळीच कबूल करायची नव्हती. त्यांनी माती वर चढवली. मूर्तीचा चेहरा झरझर साकारला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अगदी रुद्रम्मा दिसतीय. रुद्रम्मानं पदर तोंडाला लावला, पण दिवसभर ती खुशीत होती. राहिलं लांबडं. अप्पांनी डोकं चालवलं. आपल्याकडं देवाच्या मूर्तीत त्याची जागा कुठं असते? डोक्यावर. मग त्यांनी मतमाउलीच्या माथ्यावर हा असा फणा काढला, छत्रीसारखा. त्याचा मान राहिला, आपला शब्दही राहिला, अशा समाधानात त्यांनी कस्तुराबाईंना बोलावून घेतलं.

कस्तुराबाई आधी हसल्या. बाजेवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग मात्र त्यांनी नीट समजावलं. पहिल्या बागेत सापानं पहिल्या बाईला फसवलं, तेव्हाच देवानं त्याला सुनावलं होतं की तुझं आणि बाईचं वैर राहील, तुझ्या पिल्लावळीचं आणि तिच्या लेकराचंही. तू त्याची टाच फोडशील, पण ते तुझं डोकं चिरडेल. हे वचन जगाच्या आरंभापासून वाट बघत होतं. ती बाई म्हणजे मरिया आणि ते लेकरू म्हणजे येशू, असं आम्ही मानतो. आणि मूर्तीचा हा घाट कुणाच्या मनचा नाही. दोनेकशे वर्षांमागं फ्रान्स देशातल्या मठातल्या एका तरुण पोरीला ती अशीच दिसली, हातांतून किरणं आणि पायाखाली साप. मी दिसते तसं पदक काढा, असं तिनंच सांगितलं. तेव्हा अप्पा, साप डोक्यावर नाही, पायाखाली.

अप्पांनी विचारून घेतलं. येरमाळ्याच्या जत्रेत बायकांच्या अंगात येडाई येते, तेव्हा ती काहीतरी मागते, काहीतरी सांगते. तुमची काय मागते? कस्तुराबाई म्हणाल्या, नवं काहीच नाही, आणि हीच आमची पारख. दिसणारी जुन्या वचनापलीकडं काही सांगू लागली की आमची मंडळी ते मान्य करत नाही. फादर तर म्हणतात, दर्शनं मानायची कुणावर सक्ती नाही, वचन मात्र मानावं लागतं. दर्शन नुसती त्याची आठवण द्यायला येतं. अप्पांना हे अजबच वाटलं. देवी दिसते काय, आणि मानली नाही तरी चालते काय. जाता जाता कस्तुराबाई आणखी एक खरं सांगून गेल्या, की फादरांच्या सांगण्यानुसार मूळ वचनात साप चिरडतं ते लेकरू. मूर्तीत पाय आईचा दिसतो, जोर लेकराचा.

दुसऱ्या खेपेला अप्पांनी लांबडं पायाशी आणलं. त्याला फणा दिला नाही, फण्यावरचा दहाचा आकडाही कोरला नाही. हा फ्रान्सचा साप, आपल्या वारुळातल्याशी याची कसली सोयरीक, असं स्वतःला बजावलं. मग टाच खाली आणली, पण ती लांबड्याच्या डोक्यापासून बोटभर वरच थांबली. त्या दिवशीही थांबली, दुसऱ्या दिवशीही थांबली. अप्पा माती लावायचे, टाच उतरवायचे आणि पुन्हा उचलायचे. आतली तार आखूड पडली म्हणायचे, माती कडक झाली म्हणायचे. त्या फटीत साचा अडकणार आणि मूर्ती फुटणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? ओलं पोतं टाकून ते गणपतींकडं वळायचे, दोन हात मारायचे की पुन्हा पोतं उचलून बघायचे.

रुद्रम्मा एकदा म्हणाली, टेकवा की एकदाचा. अप्पा तिच्यावर खेकसले. श्रीदेवीचे पाय सुजले होते. ती अंगणातून चालली की त्यांची नजर तिच्या पायांवर जायची आणि तिथून मूर्तीच्या पायावर. त्यांना भीती वाटत होती, साधी भीती. आपण इथं टाच दाबली आणि तिकडं तिच्या पोटातल्याला काही झालं तर? तिसऱ्यांदा? मग हे हात घेऊन जायचं कुठं? आणि नाही दाबली तर वस्तीला काय सांगायचं? पोत्याखाली माती रोज थोडी वाळत होती. आणखी चार दिवस गेले असते तर टाच बसवू म्हटलं तरी बसली नसती.

त्यात श्रावणातली पंचमी आली. त्या दिवशी खणत नाहीत, चिरत नाहीत, माती मळत नाहीत. कुंभाराच्या घरात त्या दिवशी हाताला काम नाही, आणि हाताला काम नसलेले शंभुलिंगअप्पा म्हणजे घराला ताप. अंगणात त्यांनी इतक्या चकरा मारल्या की कुत्रं उठून शेजारी गेलं. रुद्रम्मा श्रीदेवीला घेऊन वारुळाला गेली, लाह्या-दूध वाहून दोघी परत आल्या. श्रीदेवी पायरीवर टेकली, आणि तेवढ्यात ढोकीच्या एसटीनं कस्तुराबाई आल्या. पंचमी त्यांच्या ध्यानात नव्हती, साचा कधी काढताय एवढंच विचारायचं होतं. त्यांनी पोतं उचललं, वाकून पाहिलं.

"अप्पा, ही टेकली न्हाय अजून."

अप्पा सबबी सांगायला लागले आणि मधेच थांबले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेकीचे दोन गेलेले जीव, जाणत्याचं बोलणं, बोटभर फट कशी मिटत नाही ते. आवाज खाली ठेवला होता, पण अंगण केवढं? पायरीवर शब्दन् शब्द जात होता.

दोषाबिषातलं आपल्याला कळत नाही, कस्तुराबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच्या देवाशी आपण भांडायला आलो नाही. पण त्यांच्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अगदी शेवटी एक दर्शन आहे, ते त्यांना आठवलं. योहान नावाच्या भक्ताला आभाळात एक बाई दिसली. तिनं सूर्य पांघरला होता, पायाखाली चंद्र होता, आणि ती कळा देत होती. तिच्यापुढं एक भलामोठा तांबडा साप उभा होता, लेकरू झाल्या झाल्या गिळायचं म्हणून. जुने लोक म्हणतात, बागेतला साप तो हाच, आणि पुष्कळ जण म्हणतात, ती बाई हीच.

रुद्रम्मा धावत आली. पोटुशीपुढं हे काय बोलायचं, म्हणाली. कस्तुराबाईंनी जीभ चावली आणि पिशवी उचलली.

"थांबा मावशी," पायरीवरनं श्रीदेवी म्हणाली. "पुढं काय झालं?"

"पुढं लेकरू झालं."

"आन् त्या सापानं?"

"त्याला गावलंच न्हाय. देवानं वरच्यावर उचलून घेतलं, आपल्याजवळ."

"वरच्यावर?"

"वरच्यावर. खाली पडूच दिलं न्हाय." कस्तुराबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "ते लेकरू म्हंजी आमचा येशू. बाकीच्या लेकरांचं तिथं लिहिलेलं न्हाय. पर म्या आपलं तसंच धरते, बाई. माझंबी एक गेलंय."

श्रीदेवी कमरेला हात लावून उठली. मूर्तीपाशी आली, हंड्यातल्या पाण्यात बोटं बुडवली. आज माती मळत नाहीत गं, रुद्रम्मा कळवळून म्हणाली.

"मळत न्हाय अव्वा," ती म्हणाली. "दाबायलीय."

अप्पांचा हात पुढं झाला आणि अर्ध्यातच राहिला. तिला अडवायचं होतं की तिच्या हातावर हात ठेवायचा होता, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. श्रीदेवीनं अंगठा मूर्तीच्या टाचेवर ठेवला आणि सगळा भार दिला. माती चरचरली, खाली गेली. सापाचं डोकं चपटं झालं. फट मिटली. अंगठा तिथंच ठेवून ती हलकेच म्हणाली, "गिरिजा. चन्नवीर."

ही नावं घरात कुणी ऐकली नव्हती. कोण गं ही, रुद्रम्मानं विचारलं.

"माझी," श्रीदेवी म्हणाली. "तुमी समदे म्हनत व्हता लांबड्यानं नेली. न्हाय नेली त्यानं." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. रुद्रम्मा तिला धरून रडली, कस्तुराबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. अप्पा होते तिथं मातीत बसले. दोन नातवंडं होती आपली, त्यांना नावं होती, आणि आपण त्यांना नुसता दोष म्हणत आलो.

साचा काढायच्या आधी मूर्तीवरनं ओलं फडकं फिरवायचं असतं, बोटाची खूण राहिली तर कामाची शोभा जाते. अप्पा फडकं घेऊन टाचेपाशी दोनतीनदा गेले आणि परत आले. अंगठ्याचा ठसा साच्यात उतरला, सिमेंटमध्ये उतरला, आणि आठ सप्टेंबरला गुहेत मतमाउलीबरोबर उभा राहिला. कस्तुराबाईंच्या लक्षात आलं, पण त्यांनी तो तसाच राहू दिला.

त्याच्या आधीच, ऑगस्ट सरता सरता, धाराशिवच्या दवाखान्यात पोरगी झाली. अप्पांनी व्हरांड्यात इतक्या येरझारा घातल्या की नर्सनं त्यांना फाटकाबाहेर काढलं, आणि पोरीचं रडणं त्यांना रस्त्यावरच ऐकू आलं. तिचं नाव अक्षदा ठेवलं. सासरचे वारुळाला दूध वाहायला निघाले तर अप्पाही बरोबर गेले. अजूनही ते लांबडंच म्हणतात, आणि अजूनही एका जागी बसत नाहीत.

परवा स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी पाव्हण्यानं विचारलं, नातवंडं किती, अप्पा? पूर्वी हा प्रश्न आला की अप्पा पावसापाण्याचं काढायचे. या वेळी म्हणाले, तीन. हॉटेलवाल्याला घरची सगळी माहिती, त्यानं चहा गाळता गाळता वर पाहिलं.

"तीन कुठली वो अप्पा?"

अप्पांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि उठले.

"दोन वरच्यावर उचलल्याली," ते म्हणाले. "एक घरी हाय. उठलं आसंल आता, जातो."