कावीळ नव्हती

लोक माझ्या नातीला वेडी म्हणतील, या भीतीने मी सगळ्यांना तिला कावीळ झाल्याचे सांगितले. तहसील कचेरीतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी कागदावर एक खोटे अक्षर लिहिले नव्हते. हे खोटे मात्र माझेच. मुलगा आणि सून केवळ गप्प राहिले.

ती तेव्हा बावीस वर्षांची होती. पुण्याचे शिक्षण शेवटच्या वर्षी सोडून नागपूरला परतली, तेव्हा भिंतीपलीकडची माणसे आपल्याविषयी बोलतात असे तिला ऐकू येत होते. धंतोलीतल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि बजावले, की बरे वाटू लागले तरी विचारल्यावाचून त्या थांबवायच्या नाहीत. अशाच आजारातून सावरणारी तरुण मुले-मुली दर शनिवारी गांधीबागेच्या कापडबाजारात एकत्र बसतात, तिथे हिला पाठवा, असेही ते म्हणाले. गोळ्या आम्ही आणल्या. गांधीबागेचे मी टाळले. तिथले निम्मे कापडवाले माझ्या ओळखीचे होते.

खोटे निभवावे लागते. कळमेश्वरहून माझी थोरली बहीण काविळीची माळ घेऊन आली आणि तिने ती मुलीच्या गळ्यात स्वतः घातली. शेजारून उसाचा रस येऊ लागला. घरातली फोडणी बंद झाली. तीन महिने आम्ही चौघेही बिनतेलाचे, बिनहळदीचे वरण जेवलो.

चौथ्या महिन्यात सुनेला गोळ्यांची न उघडलेली पाकिटे सापडली. मी जाब विचारला. नात शांतपणे म्हणाली, "कावीळ उतरली ना, आबा. मग आता गोळ्या काहून?"

ती थट्टा करीत नव्हती. सारे घर तिला एकच सांगत आले होते आणि ते खरे मानणे तिला सोयीचे होते. आठवडाभरात तिची झोप उडाली; ती पुन्हा खिडक्या लावून बसू लागली. दुखणे पहिल्यासारखे उलटले तर ती पुन्हा हाती लागेल की नाही, हे मला कळत नव्हते. डॉक्टरांकडे यायला तिने साफ नकार दिला. गांधीबागेत तिच्याच वयाची मुले असतात, एवढ्यावर तिथे यायला ती तयार झाली.

घाऊक कापडाच्या एका दुकानावरची खोली मालकाने शनिवारपुरती त्यांना दिलेली आहे. आठ-दहा मुले आणि एक समाजसेविका सतरंजीवर बसली होती. तिथला रिवाज असा, की आपल्याला काय झाले ते ज्याने त्याने आपल्या शब्दांत सांगायचे आणि घरच्यांनी मध्ये बोलायचे नाही. नातीची पाळी आली. ती बोलण्याआधीच माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "हिला कावीळ झाली होती."

एक दाढीवाला तरुण म्हणाला, "काका, तुम्ही पत्ता चुकले. कावीळवाले इथं नाही बसत."

सगळी हसली. नातही हसली. मला हसू आले नाही. पण त्या मुलाचा रागही आला नाही. त्याने मग आपले सांगितले. त्याच्या घरी बाहेरची बाधा म्हणत, म्हणून त्याने दोनदा गोळ्या सोडल्या आणि दोन्ही वेळा त्याला रुग्णालयात न्यावे लागले. त्याने तिला उपदेश केला नाही. उतरताना समाजसेविकेने मला एवढेच म्हटले, की आधी घरात आजाराचे नाव दुरुस्त करा.

दुसऱ्या दिवशी मी कळमेश्वरला गेलो. बहिणीला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"पोरीचे डोळे तर पांढरेच होते गा," ती म्हणाली. "मले काय समजत नाही? मी वाट पाहून राहिली होती, तू कधी सांगशीन म्हणून."

"मग माळ का घातलीस?"

"तुले बरं वाटावं म्हणून."

ती माझ्याबरोबरच नागपूरला आली. नातीजवळ बसली आणि सरळ विचारले, "ते आवाज काय म्हणतात वं तुले?" हा प्रश्न चार महिन्यांत मी एकदाही विचारला नव्हता. नात अडखळत, पण सगळे बोलली. मी दारात उभा राहून ऐकले. सोमवारी ती डॉक्टरांकडे आली आणि त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

याला आता दोन वर्षे झाली. तिने शिक्षण पुन्हा सुरू केले आहे. शनिवारी गांधीबागेत ती एकटी जाते आणि नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसते. आभार मानणे मला जमत नाही. त्या खोलीतल्या मुलांचे, दुकानाच्या मालकाचे आणि माझ्या बहिणीचे माझ्यावर उपकार आहेत, हे मात्र लिहून ठेवणे मी कर्तव्य समजतो.

आवाज पूर्ण गेलेले नाहीत. परवा सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "आबा, आज जरा ऐकू येऊन राहिलं." स्वयंपाकघराचे दार उघडेच होते आणि शेजारीण बाहेर उभी होती. मी आवाज खाली आणला नाही. काय म्हणतात, ते विचारले. तिने सांगितले. मग तिने गॅस बंद केला, मी चपला घातल्या आणि आम्ही धंतोलीला डॉक्टरांकडे निघालो.