ओढ्याकाठच्या खाचराची वाटणी

तळेगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवते. त्याचा घरातल्या कुणालाही आजवर काडीचा उपयोग झालेला नाही, असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठाम मत आहे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, "पोरी, वाकड्या रेघंखालचं क्षेत्रफळ काढतीस म्हनं. हितं कामाला यील का?" तेव्हा मी इतकी हुरळले, की कशासाठी हेही न विचारता हो म्हणाले.

वडिवळ्याला आमचं मोठं भातखाचर आहे. एका अंगाला सरळ गाडीवाट, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि ओढ्याला सरळ वाहणं माहीतच नाही. काकांना, आबांच्या धाकट्या भावाला, तिथे पर्यटकांसाठी तंबू टाकायचे होते. आबांना भातापलीकडे काही दिसत नव्हतं. त्यावरून बाचाबाची झाली, काकांनी वाटणी मागितली आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एकाच ओसरीवर समोरासमोर बसून काका मला सांगायचे, "तुझ्या बापाला म्हनावं, पंप बंद कर." आबा सगळं ऐकून मलाच सांगायचे, "तुझ्या काकाला म्हनावं, कवाच केलाय."

आई म्हणाली, "वाटणी कर, पर ह्यांची तोंडं कायमची फिरतील अशी करू नगंस." मला खरोखर भीती वाटत होती. मी दोघांच्याही अंगाखांद्यावर वाढले. काकांकडे जेवायला जाताना आबांची नजर चुकवावी लागेल, हा विचारच सोसवत नव्हता.

ठरलं ते असं, की वरचा भाग काकांचा, खालचा आबांचा आणि मधली रेघ मी मारायची. दोरी, खुंट्या आणि टेप घेऊन मी खाचरात उतरले. गाडीवाटेने सारख्या अंतरावर खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक खुंटीपासून ओढ्यापर्यंतची लांबी मोजली. अशा खाचराच्या पट्ट्या पडल्या. पट्टीची ओढ्याकडची वाकडी कड सरळ आहे असं धरलं, की तिचं क्षेत्रफळ शाळकरी पोरालाही काढता येतं. मग साऱ्यांची बेरीज. हा अंदाजच, पण चांगला अंदाज. दोन्ही भाग सारखे भरले तिथे मी लाल फडकं बांधलेली खुंटी ठोकली.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरकी अंगात मुरलेली. "याहून अचूक रीत आहे," मी म्हणाले. "तिच्यात ती कड सरळ न धरता कमानीसारखी वाकडी धरतात." तीही करून दाखवली. वरच्या भागात ओढा बाहेर फुगलेला, तिथे सरळ रीत कमी मोजत होती. खालच्या भागात तो आत शिरलेला, तिथे जास्त. म्हणून लाल खुंटी काकांच्या अंगाला हातभर सरकली.

काकांनी तिथल्या तिथे सरळ रीत दत्तक घेतली. "तुझ्या बापाला म्हनावं, सरळ मानसाची सरळ रीत."

जन्मभर गणिताला नावं ठेवणारे आबा कमानीच्या बाजूने उभे राहिले. "तुझ्या काकाला म्हनावं, वढा वाकडा हाय तर मोजायचं बी वाकडंच." माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना हे वर्षभरात कळत नाही.

"ह्यातलं खरं कुटलं?" काकांनी मला दरडावलं.

"दोन्ही अंदाजच आहेत, काका. पट्ट्या जितक्या बारीक, तितकं खऱ्याच्या जवळ जातो."

"मंग कर की बारीक!" दोघेही एकदमच म्हणाले.

भर उन्हात मी पट्ट्या बारीक करत राहिले. गाडीवाटेवर खुंट्यांची अशी दाटी झाली, की येणारेजाणारे रस्ता रुंद होणार का म्हणून चौकशी करू लागले. शेवटी दोन्ही रीतींची उत्तरं इतकी जवळ आली, की एकाच खुंटीत भागलं. तिथून ओढ्यापर्यंत मी दोरी ताणली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ही घ्या रेघ. बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही."

काकांनी दोरी बोटाने टिचकावून पाहिली. "रेघ झ्याक हाय. पर तुझ्या बापाला इचार, बांध कुनाच्या अंगाला घालायचा?"

"तुझ्या काकाच्या. त्यालाच वाटणी पायजे व्हती."

दुपारभर मी ज्या बोटभर फरकाशी झटत होते, त्याच्या कितीतरी पट जमीन एकटा बांध खाणार होता. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, "रेषेला रुंदी नसते, काका."

"रुंदी न्हाई?"

"गणितात तरी नसते."

काका आबांकडे वळले. "दादा, ऐकलंस का? सकाळधरनं जिच्यापायी उन्हात भाजतोय, ती हायच न्हाई!"

आबा खोकले. मग तो खोकला नसून हसू असल्याचं कळलं. "आन् ही तितं पोरास्नी ह्येच शिकवती," ते म्हणाले.

"अवघड हाय, दादा."

"लय अवघड."

दोघेही माझ्याकडे पाठ करून गाडीवाटेच्या कडेला बसले. माझा अपमान झाला होता आणि मला तो हवाहवासा वाटत होता. जरा वेळाने आबांचा आवाज आला, "भात निगाल्यावर खाचर मोकळंच पडतंय की. तवा टाक तुझं तंबू."

"आन् लावणीसाठी चिखलणी करायच्या आत काढून घीन," काका म्हणाले.

"तुझ्या बापाला म्हनावं" नाही, "तुझ्या काकाला म्हनावं" नाही. मी खाली बसून दोरी गुंडाळत राहिले, कारण डोळे भरून आले होते, आणि मध्ये माझी कुणालाच गरज उरली नव्हती.